चहावरची साय

मुलाचा रिकामा कप बघून आईचं डोकंच फिरलं. जगाला फुकट वाटून टाकायचा एक कॉम्प्युटरचा प्रोग्राम तो पूर्वी आपल्या आवडत्या, कुणीच वापरत नसलेल्या कॉम्प्युटर-भाषेत लिहायचा, तेही गुणगुणत. चहावर साय धरली तरी त्याला शुद्ध नसायची. मग जावयानं शहाणपण शिकवलं, "त्या भाषेला कुत्रं विचारत नाही. चलतीची घे, माणसं मदतीला धावतील." यानं नंदीबैलासारखी मान डोलावली. माणसं धावलीही; पण हा एरंडेल प्यायल्यासारखा बसायचा, चहा गरमच ढोसायचा. "जावईबापू," आई कडाडली, "गाढवालासुद्धा ओझ्याबद्दल चारा मिळतो. यानं फुकट राबायचं, तेही गर्दीच्या आवडीनं?" समोरचा जावई खाकरला. मुलगा उठून खोलीत गेला. तिनं दुसरा चहा नेऊन ठेवला. तासाभरानं डोकावली, तर तो गुणगुणत होता. चहावर जाड साय. "मेल्या, दूध फुकट येतं का?" म्हणत तिनं दार हळूच लोटलं.