आईच्या तोंडाकडे बघून

"आणा त्याला बाहेर," नर्सबाई म्हणाली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिने बसकण मारली. उभी राहिली असती तर पाय आपणहून पळाले असते, याची तिला पक्की खात्री होती.

तळमजल्यावरचे ड्रायव्हरकाका आपल्या दाराच्या कडीला हात लावून थांबले. "नक्की ना? मागच्या खेपेला तुम्ही गच्चीवर जाऊन बसला होतात."

"नक्की. पट्टा मात्र सोडू नका."

तिची दहा महिन्यांची लेक ठकू तिच्या गुडघ्याला धरून उभी होती. पोरीचं सगळंच घाईघाईचं. चौथ्या महिन्यात पालथी पडली, सातव्यात रांगली, आता धरून उभी राहते. आज ना उद्या चालणार, आणि बाहेर गल्लीत तर पावलापावलाला कुत्री. जे काही करायचं ते ही चालायला लागायच्या आत, असं नर्सबाईने ठरवून टाकलं होतं.

घरात कुत्र्यांची भीती सगळ्यांनाच. ठकूची आजी, म्हणजे नर्सबाईची आई, कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. तिचं बोट धरून वाढलेली नर्सबाईही त्याच वळणावर गेली. भाजी आणायला दोघी अजून लांबच्या रस्त्याने जायच्या. चावलं म्हणाल, तर आजवर कुणालाच नाही.

"अगं, लेकरू आहे ते!" वरच्या पायरीवरून आजी कळवळली. "तू वेडी का खुळी?"

"आई, एक तर घरात जा, नाहीतर गप्प उभी राहा."

दवाखान्यात लस टोचताना ती रोज दहा आयांना दटावायची, "बाई, आधी तुमचं तोंड सरळ करा. बाळ सुईकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतंय." बोलायला काय जातं! आज स्वतःवर वेळ आली होती.

दार उघडलं. काकांचा कुत्रा भोपळ्या बाहेर आला. तांबडा, वासराएवढा, जीभ हातभर लोंबलेली. भोपळ्याने ठकूच्या पावलाचा वास घेतला. ठकू दचकली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि तिने झर्रकन मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

नर्सबाई हसली. जीव गेला तरी बेहत्तर, पण हे हसू हलता कामा नये.

"भू भू!" ती म्हणाली. आवाज भलत्याच कुणाचा तरी वाटत होता. "बघ गं, कशी शेपटी हलवतोय!"

ठकूचा ओठ थांबला. पण पोरगी पक्की. एकीच्या शब्दावर विश्वास ठेवील तर शपथ! तिने नजर वर उचलली, थेट आजीकडे. आजीने तोंडावर हात दाबून धरला होता, डोळे पांढरे झाले होते. ठकूचा ओठ पुन्हा थरथरला.

"आई," हसू तसंच ठेवून नर्सबाई दातांतल्या दातांत म्हणाली, "तोंडावरचा हात काढ. हास. माझ्या वेळी नाही जमलं तुला, हिच्यासाठी तरी हास."

आजीने लेकीकडे पाहिलं. तिला ते लागलं, चांगलंच लागलं. तोंडावरचा हात हळूहळू खाली आला आणि त्याने कठडा घट्ट धरला. मग बासष्ट वर्षांत कुठल्याही कुत्र्यासमोर न दाखवलेले दात तिने दाखवले, सगळेच्या सगळे. डोळे मात्र गच्च मिटून घेतले.

ठकूला तेवढं पुरलं. आईच्या गुडघ्यावरचा एक हात सुटला, मग दुसराही. ती डुलली, सावरली आणि भोपळ्याच्या कानाकडे हात लांबवून, कशालाही न धरता उभी राहिली.

"अहो आजी!" ड्रायव्हरकाका हरखून गेले. "बघा तरी, पोर एकटी उभी राहिली!"

"बघते हो, बघते," आजी मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "आधी सांगा, मी हसतेय ना नीट?"