बिनगुळाची आमटी

रिपोर्ट ओट्यावर आपटत शाल्मली म्हणाली, "आई, साखर परत वाढलीय. पाळीचा तर पत्ताच नाही."

कुमुदताईंचं अवसानच गळालं. मूल व्हायचं तर आधी साखर आटोक्यात हवी, तरच पाळी नियमित होईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून लेकीला त्यांनी माहेरी आणून ठेवलं होतं. रोज मेथीदाण्याच्या फोडणीची मसूरडाळीची आमटी, तीही बिनगुळाची.

"बाहेर काहीबाही गोड खात असशील," त्या फटकन बोलून गेल्या. "मी इथे जिवाचं रान करतेय आणि तू..."

"देवाशपथ नाही गं!" शाल्मली रडत आतल्या खोलीत गेली.

कुमुदताईंनी पुन्हा आमटीच करायला घेतली. दुसरं होतं काय हातात? डाळ घोटली, फोडणी दिली, आमसूल टाकलं. पोरीचं कसं होणार, या घोरातच उकळी आली. डोळ्यांना लागलेली धार थांबेना, तेव्हा त्यांनी हातानेच तोंड पुसलं. ओठांना गोड लागलं.

त्यांनी बोटांकडे पाहिलं. चिकट होती. नवऱ्याच्या चहासाठी ठेवलेला गुळाचा डबा शेजारी उघडा पडला होता. आमटीला उकळी फुटली की हात डब्यात जायचा, ही जन्माची सवय. आज गेला, तसा रोजच जात असणार. आणि त्याच आंबटगोड चवीवर वाढलेल्या लेकीला तरी काय कळणार!

आतून रडवेला आवाज आला, "आई, वाढ मला. आजपासून फक्त तुझ्याच हातचं खाईन."