हत्यार न लावता

गॅरेजचे दुसरे हवाबंद दार मिटल्यावरच उत्पलाने मुखवटा काढला. गाडीच्या मागच्या सीटवर तिचे वडील, अप्पा, एकेका शब्दासाठी श्वास गोळा करत होते. "अजून... किती... लांब?"

फुप्फुसांचा दवाखाना चाळीस किलोमीटरवर होता. तेवढी सगळी वाट राखेची, आणि गाडीत येणारी हवा गाळणारा फिल्टर काळा पडलेला.

मेकॅनिक गुणवंतभाऊंनी हात जोडले. त्यांच्या पान्यांवर झेंडूची फुले वाहिलेली होती. "ताई, आज खंडेनवमी. हत्यारं पुजली, आता उद्याच उचलायची."

"उद्यापर्यंत अप्पांनी श्वास धरून ठेवायचा का?"

उत्पलाने स्वतःच गाडीचे पुढचे दार उघडले.

"राहू द्या. या कामाला हत्यार लागतच नाही. फिल्टर तेवढा द्या."

"साधा फक्त राख अडवतो. हा कोळशाचा, विषारी वायूही शोषतो."

"कोळशाचाच."

तिने डॅशबोर्डचा खण दोन्ही बाजूंनी दाबून उतरवला आणि मागची काळी चौकट ओढून काढली. तिथे तिने नवी सरकवली.

"फिल्टरवरचा बाण खाली, ताई! हवा वरून येते!" गुणवंतभाऊ लांबूनच ओरडले. तिने फिल्टर उलटून बसवला.

गाडी पुन्हा राखेत शिरली. बराच वेळ मागून काहीच ऐकू आले नाही, आणि आरशात पाहण्याचे तिचे धैर्य होईना.

"अगं, इतक्या जोरात गाडी चालवायला तुला शिकवलं तरी कोणी?"

अख्खे वाक्य, एका श्वासात. उत्पलाने वेग कमी केला नाही.