ढिलं पेडल

उभा जन्म पायाला भिंगरी लावून हिंडलेले बाबा आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसून तिसऱ्यांदा कुरकुरले, "पेडल अजून ढिलंच आहे. दाबतोय, पण इंजिन दादच देत नाही." मेकॅनिक लेकीने सकाळपासून खपून पेडलच्या दांड्याचे झिजलेले बुश बदलले होते, आता त्यात केसभरही ढिलेपणा नव्हता. तिने बोटाने दाबलं तरी इंजिन डरकाळी फोडत होतं. "परत दाबा बघू," म्हणत ती टॉर्च घेऊन आत वाकली. पेडल जागच्या जागी होतं. बाबांचा पाय शेजारची मॅट जीव खाऊन दाबत होता. तिने टॉर्च विझवला. "तुमचंच बरोबर, बाबा. नवीन बुशच खराब निघाले. गाडी गॅरेजमध्येच राहू द्या." "तरी सांगत होतो." त्यांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. उतरण्याआधी मात्र त्यांनी वाकून आपला पाय कुठे आहे ते पाहिलं.