कोरड्या दिवसाचा रूळ

सकाळपासून छत गप्प होतं.

पीरोजने पुन्हा मान वर केली. तव्यावरची कांद्याच्या पातीची पोळी करपली, तरी तिचं लक्ष तुळयांकडेच. बाहेर तिचा मुलगा सिरवान गाठोडी गाडीत भरत होता. मरीवान शहरात त्याने आईसाठी उबदार खोली तयार ठेवली होती. जायचं तिनेच ठरवलं होतं.

हौरामानच्या डोंगराळ मुलखात, त्या उतारावर घरं पायऱ्यांसारखी होती. खालच्याचं छत तेच वरच्याचं अंगण. छत मातीचं. पाऊस किंवा बर्फ पडून गेला की दगडी रूळ फिरवून माती दाबायची, नाहीतर ते गळायचं. अंगणात जो वावरतो त्याने रूळ फिरवायचा, अशी गावाची रीत. पीरोजच्या डोक्यावर खावेर राहायची. रोज पहाटे तिच्या रुळाची घरघर सुरू व्हायची, तुळयांमधून माती झरायची आणि पीरोज खालून ओरडायची, "पाय मोडोत तुझे, खेचरे!" याखेरीज दोघींत बोलणं नव्हतं.

रस्त्यावरच्या फलकावर गावाची लोकसंख्या अजून जुनीच होती. पोरं म्हणायची, त्यात शेळ्या धरल्यात आणि मेलेलेही. एकेक घर शहरात उतरलं. रुळावाचून छतं खचली. गेल्या हिवाळ्यात धूर निघाला तो दोनच घरांतून, एक वरच्या आणि एक खालच्या.

बर्फ पडायच्या आत घाट उतरायला हवा, असं सिरवान दारातून सांगून गेला. पीरोज चहाचा पेला घेऊन उंबऱ्यात आली, न पिताच आत गेली. किल्ली शोधू लागली. ती कमरेलाच होती. वरची म्हातारी पडली तर नसेल? की ब्याद टळली म्हणून खुशाल लोळतेय? निरोप घेणार नाही, असं तिने मुलाला बजावलं होतं. तरी पायांत चपला अडकवून ती कडेच्या दगडी पायऱ्या चढली.

खावेर रुळावरच बसली होती. शाल घट्ट लपेटून, दरीकडे तोंड करून.

"मेलीस की काय वाटलं," पीरोज म्हणाली.

"तुझ्या शिव्यांनी मरायची असते तर कधीच मेले असते."

"मग आज रूळ का नाही फिरवलास?"

"पाऊस कुठे पडलाय? कोरड्या छतावर रूळ कोण फिरवतं?"

पीरोजने वर पाहिलं. उन्हाळा सरला तरी आभाळातून थेंब पडला नव्हता. "काल फिरवलास की," ती हळूच म्हणाली. "परवाही."

खावेरने मान वळवली नाही. "तुझा नवरा गेला, तेव्हापासून खाली तू एकटी. मी दार वाजवलं असतं तर तू उघडलं नसतंस. रूळ फिरवला की शिवी यायची. मग मी चहा ठेवायचे."

पीरोज पायऱ्या उतरली. सिरवानने गाडी चालू केली होती. ती गाडीजवळ गेली, पण चढली नाही. मागच्या बाजूने तिने पिठाचं गाठोडं ओढून काढलं आणि काखेत मारलं. "गादी आत आण," ती म्हणाली.

"आई, आता हे काय नवीन?"

 तिने आत येऊन परातीत पीठ ओतलं. परात बरोबर तुळईखाली सरकवली. मग लाटणं उचलून तुळईवर जोरात ठोकलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वर घरघर सुरू झाली. चिमूटभर माती पिठात पडली.

"पाय मोडोत तुझे, खेचरे!" पीरोज ओरडली.

वर रूळ थांबला. पाठोपाठ चुलीवर किटली ठेवल्याचा आवाज आला.