तलाताच्या वाटचं

दुपारच्या शांततेत भिंतीपलीकडे पातेलं आपटलं, आणि महिनाभर मुक्या झालेल्या शेजारच्या स्वयंपाकघरातलं भांडण पुन्हा सुरू झालं. मूळच्या दाभोळच्या फरहानाला हसूच आलं. लमिसी आणि तलाता, घानाहून जेद्दाला आलेल्या दोघी कामवाल्या. भाषा एकच, कुसाल. पण एक नदीच्या पूर्वेची, दुसरी पश्चिमेची. एकमेकींच्या बोलीला नावं ठेवल्याशिवाय त्यांची भांडी घासून होत नसत. अगदी दाभोळच्या खाडीच्या दोन काठांवरून आलेल्या जावा-जावा! मग मालकाने तलाताला दूरच्या खमीस मुशैत शहरात, आपल्या बहिणीकडे कामाला धाडलं, आणि आवाजच बंद झाला.

"आली गे बाय एकदाची परत!" असं आपल्या कोकणीत म्हणत फरहाना गरम घावने घेऊन, सहा वर्षांच्या लेकीला, अरवाला, बोटाशी धरून शेजारी गेली.

दार लमिसीने उघडलं. आत दुसरं कुणीच नव्हतं.

"तलाता गेली, मदाम," ती मोडक्या अरबीत म्हणाली. "खमीसलाच, तापाने. तिच्या वाटचं आता मीच बोलते. नाहीतर माझ्या बोलीला हसणार कोण?"

फरहानाने तिला जवळ घेतलं. घरी येऊन अरवाला तिने थोडक्यात समजावून सांगितलं. मग पोरीने नेहमीसारखं हिंदीतच विचारलं,

"अम्मी, आप मर जाओगी तो आपके हिस्से का कौन बोलेगा? मुझे तो कोकणी आती ही नहीं."