कुठलाच नाही

मेक्सिकोच्या डोंगरांतले किंगस्नेक साप कधीच संपले होते. आता जगभर लोकांनी पाळलेले त्यांचे वंशज गोळा करून तिथे परत सोडले जात होते. शरयूताई गद्र्यांनी पाळलेल्या नर सापाची निवड झाली, तेव्हा त्यांना आनंद झाला आणि रडूही आलं. यजमान गेल्यापासून घरात त्यांच्या सोबतीला तेवढा एकच जीव होता.

पाठवणीआधी सर्पकेंद्रातल्या डॉ. पिंग्यांनी त्याची कात वंश वाचणाऱ्या यंत्रात ठेवली. पडद्यावरच्या नकाशात त्याच्या पूर्वजांचा एक डोंगर उजळायचा, त्याऐवजी तीन उजळले. शिवाय मिल्कस्नेक या दुसऱ्याच जातीच्या सापाचंही रक्त निघालं.

"पूर्वी कुणीतरी नुसत्या अंगावरच्या पट्ट्यांवरून जातींची नावं ठरवली आणि जोड्या लावल्या," पिंगे म्हणाले. "माफ करा ताई, याला तिकडे सोडता येणार नाही."

"मग हा कुठला म्हणायचा?"

"तसा कुठलाच नाही."

घरी येऊन शरयूताईंनी त्याला काचेच्या पेटीत सोडलं, पाणी बदललं, उबेचा दिवा लावला. बिचाऱ्याचं गाव गेलं, तिथे मिळायची ती जोडीदारीणही गेली. आणि आपल्याला मात्र हायसं वाटतंय, हे लक्षात येताच त्या उठल्या आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसल्या.